फादरची आई

आमच्या पाचूबंदरात एक म्हातारी वारली तेव्हा मी सेमिनरीतून मे महिन्याच्या सुट्टीवर घरी आलो होतो. अंगात पांढरा झगा होता, कारण सुट्टीतसुद्धा तो उतरवायचा नाही असा आम्हा फादर व्हायला शिकणाऱ्या मुलांना दंडक होता. वारलेल्या बाईचा मुलगा फादर होता. शवपेटी अजून उघडी होती आणि तिच्या हातांभोवती एक पांढरं फडकं गुंडाळलेलं होतं, जुनं होऊन पिवळं पडलेलं. मुलाला गुरुदीक्षा मिळते तेव्हा बिशप त्याच्या तळहातांना तेल लावतात आणि ते हात फडक्याने बांधतात. चर्चमध्ये त्याची पहिली मिस्सा, म्हणजे उपासना, झाली की ते फडकं तो आपल्या आईला देतो. ती ते जन्मभर पेटीत जपते आणि ती गेली की तिच्या हातात देऊन तिला पुरतात. वर गेल्यावर तिला कोणी काही विचारायचं नाही. फडकं दाखवायचं आणि आत जायचं, असं आमच्याकडे मानतात.

माझी आई माझ्या शेजारी उभी होती. तिने आधी त्या फडक्याकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. माती देऊन आम्ही वाळूतून घरी परत येत होतो तेव्हा तिने विचारलं, "तुजी किती वरसं रायली रं?"

"बरीच आहेत, आये."

"रावू दे. मना काय घाई नाय," ती म्हणाली.

आमचं घर मासे मारणाऱ्यांचं. वडील तापाने गेले तेव्हा मी लहान होतो. आईने आम्हा दोघा भावांची वाटणी करून टाकली, एक पोर दर्याला आणि एक देवाला. थोरला होडीवर गेला. मी अभ्यासात बरा होतो आणि होडीत मला उलट्या व्हायच्या, तेव्हा देवाच्या वाट्याला मी येणं हे देवाच्या दृष्टीने कितपत भाग्याचं होतं मला माहीत नाही. आई मात्र त्या वाटणीवर खूश होती. दिवसभर ती बोंबील धुवायची, जबड्यात जबडा अडकवून त्यांच्या जोड्या करायची आणि किनाऱ्यावरच्या वलांडीवर, म्हणजे बांबूच्या आडव्या काठ्यांवर, वाळत टांगायची. मी झगा घालून तिथून गेलो की शेजारच्या बाया हात पुसून पुढे यायच्या आणि माझ्या हाताची पापी घ्यायच्या. मी मिसरूड न फुटलेला पोरगा, मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आई वलांडीआडून बघत राहायची.

सेमिनरीत आम्हाला लॅटिन सगळेच शिकवत, पण ग्रीक शिकवायला एकच म्हातारे फादर होते. मूळचे जर्मन, स्वभावाने तिरसट, दाढीत कायम तपकिरीचे कण. त्यांना मुलं घाबरायची आणि मीही घाबरायचो. पण एकदा त्यांनी एका जुन्या ग्रीक माणसाबद्दल सांगितलं. तो बाजारात उभा राहून शहाण्यासुरत्या लोकांना साधे प्रश्न विचारायचा, धैर्य म्हणजे काय, भक्ती म्हणजे काय, आणि त्यांची भंबेरी उडवायचा. माझी झोपच उडाली. आमच्या घरी, आमच्या बंदरात, आमच्या चर्चमध्ये सगळ्या गोष्टींची उत्तरं आधीच ठरलेली होती. प्रश्नाला कोणी एवढा मान दिलेला मी ऐकला नव्हता.

पुढे युद्ध लागलं आणि सरकारने त्या फादरना केवळ जर्मन म्हणून नेऊन तारेच्या कुंपणात ठेवलं. परत आले तेव्हा निम्मे झाले होते. दुपारी बाकीचे झोपले की ते मला जर्मन शिकवायला लागले. त्या दिवसांत जर्मन शिकणं म्हणजे शहाणपणाचं काम नव्हतं, पण मला ते जमत होतं आणि त्यांना ते देण्याची तहान होती. त्यांच्याबरोबर मी अवघड जर्मन ग्रंथ वाचायला लागलो. एकेका वाक्याला अख्खी दुपार जायची, क्रियापद शेवटी सापडायचं, आणि सापडलं की मला मासळीने भरलेलं जाळं ओढल्याचा आनंद व्हायचा. होडीत मला जो कधी झाला नाही तो.

माझी श्रद्धा उडाली वगैरे नाटक झालं नाही. लोकांना वाटतं की असं काहीतरी झालं असणार. मला एवढंच कळलं की चर्चच्या आल्तारावर, वेदीवर, उभं राहून उत्तरं द्यायला मला जमणार नाही, मला खाली बसून विचारत राहायचंय. म्हातारे फादर गेले त्यानंतरच्या वर्षी, युद्ध नुकतंच संपलं होतं तेव्हा, मी वरिष्ठांना सांगितलं, झगा घडी करून परत केला आणि शर्टपँटमध्ये पाचूबंदरात आलो.

आई वलांडीजवळ होती. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"झगा कुटं?"

"परत दिला, आये. मी फादर होणार नाही."

ती वळली आणि बोंबील उलटेपालटे करायला लागली. ते सकाळीच उलटवून झाले होते, मला दिसत होतं. थोरला भाऊ माझ्याशी पुढे वर्षभर बोलला नाही, आणि बंदरात माझं नावच पडलं, पळून आलेला. मिस्सेला आई पुढच्या बाकाजवळ गुडघे टेकायची, ती आता मागे दाराजवळ टेकायला लागली. कोणी तिला मागे जायला सांगितलं नव्हतं.

मी मुंबईला गेलो. तत्त्वज्ञान घेऊन पदव्या घेतल्या, एका कॉलेजात शिकवायला लागलो आणि एका वसतिगृहाच्या कोपऱ्यातल्या खोलीत ग्रीक आणि जर्मन यांच्याबरोबर संसार थाटला. स्वातंत्र्य आल्यावर काही वर्षांनी जर्मनीला जाऊन संशोधन करण्याची शिष्यवृत्ती मिळाली. निघताना आईने कपाळावर क्रूस काढला आणि सुक्या सोड्यांची पुरचुंडी दिली. बोटीवर त्या पुरचुंडीच्या वासाने सगळे माझ्यापासून लांब बसले. तिथे गेलो तर विद्यापीठाच्या अर्ध्या भिंती बॉम्बने पडलेल्या, वर्गात ओव्हरकोट घालून बसावं लागे. माझं जर्मन म्हाताऱ्या फादरचं असल्यामुळे मी दुकानात पाव मागितला तरी प्रवचन दिल्यासारखं वाटतं, असं घरमालकीण म्हणायची. पण काम झालं. नैतिक कर्तव्यावर प्रबंध लिहिला, ग्रीकांशी त्याची सांगड घातली, नावामागे डॉक्टर लागलं. माझ्या आयुष्यात निर्भेळ सुखाची वर्षं म्हणतात ती तेवढीच.

परत आल्यावर पहिल्या सुट्टीत मी पाचूबंदरात राहायला गेलो. भावाचा राग तोवर निवला होता. वहिनीने बोंबलाचं कालवण केलं होतं. आई माझ्यासमोर बसून मी कसा जेवतो ते बघत होती. म्हणाली, "तिकडं तुना काय शिकवलं रं येवढी वरसं?"

हा प्रश्न मला नंतर विद्यापीठाच्या मुलाखतीतही विचारला गेला आणि तिथेही मी तो बरा सोडवला नाही. आईला समजेल असं काहीतरी सांगायचं म्हणून मी प्रबंधातला एक मुद्दा उचलला. म्हटलं, "एक जर्मन माणूस होऊन गेला. त्याचं म्हणणं असं की काही झालं तरी खोटं बोलायचं नाही. समज, कोणी खुनी दाराशी आला आणि विचारायला लागला, तुझा मित्र आत लपलाय का, तरीसुद्धा नाही."

"मंग त्या मित्राचा काय होल?"

"तोच तर वाद आहे. तो मिटत नाही म्हणून मला पगार मिळतो."

ती हसली नाही. "बायकापोरं नव्हती त्याला?"

"नव्हती. लग्नच केलं नाही त्याने. पुस्तकं आणि तो."

"म्हंजे फादरच की रं यो," ती म्हणाली. मग जरा थांबली. "तू पन नाय केलंस लगीन. तू पन ते कबूल केलंस? खोटं नाय बोलाचं म्हनून?"

माझ्या तोंडात घास होता. "हो, हो, केलं कबूल," मी हसत म्हणालो.

तिने मान हलवली आणि माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला. तिने काय ऐकलं आणि मी काय बोललो होतो, त्यात किती अंतर होतं, हे मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. जेवणातल्या गप्पा होत्या त्या. मला तर दुसऱ्या दिवशी आठवतही नव्हत्या.

पावसाळ्याआधीचे दिवस होते. या दिवसांत आमच्या बाया सुकं मावरं पाटीत भरून आतल्या भातवाल्या गावांत जातात. बोंबील, सुकट द्यायचं आणि बदल्यात भात घ्यायचा. जिची-तिची गावं ठरलेली असतात. आईची गावं कामण आणि चिंचोटीकडची, ती तिथे लग्न झाल्यापासून जात होती. एव्हाना तिचे गुडघे दुखायचे. मी म्हटलं, या खेपेला मी पाटी घेतो.

"नको. तू सायेब, तू कशाला?" ती म्हणाली.

"साहेब कसला? माझे हात काय मोडलेत?"

"लोक काय म्हनतील?"

मला वाटलं, परदेशातून आलेल्या मुलाच्या डोक्यावर मासळीची पाटी तिला बघवत नाही. मला उलट जोर चढला. इतकी वर्षं या बाईसाठी मी काहीच केलं नव्हतं, निदान हे तरी करीन. तिने दोनदा-तीनदा नको म्हटलं, एकदा तर गुडघे बरे वाटतात म्हणाली, पण मी हट्टाला पेटलो. शेवटी ती गप्प झाली आणि आम्ही निघालो. स्टेशनपर्यंत बस, तिथून एक खटारा मिळाला आणि चिंचोटीच्या अलीकडे आम्ही उतरलो. वाटेत ती फारसं बोलली नाही. मी मात्र डोंगर, भाताची खाचरं, सगळ्यावर बोलत होतो. जर्मनीतल्या जंगलाचंसुद्धा वर्णन केलं मी.

पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी होती. आईला पाहताच तिने आत हाक मारली, लगेच पाट आला, तांब्या आला. मावरं विकायला आलेल्या बाईला कोणी पाट देत नाही, ती ओट्याच्या कडेला टेकते, एवढं मला माहीत होतं. मी आश्चर्याने बघत होतो. म्हातारी माझ्याकडे बघत म्हणाली, "यो कोन गं? तुजा धाकला?"

आई पाटावर बसली होती. तिने मान हलवली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"फादर आयले गं!" म्हातारी आत ओरडली. "हिचा फादर आयला परदेशातून!"

मग शेजारच्या घरांतून बायका आल्या. कोणी पदर डोक्यावर घेतला, कोणी हात जोडले. ही सगळी हिंदू कुणबी-आगऱ्यांची घरं, पण फादरच्या हाताला गुण असतो असं तिकडे मानत. एक तरुण बाई पोराला काखेत घेऊन धावत आली. तीनेक वर्षांचा पोर असेल, टपोऱ्या डोळ्यांचा. तिने त्याला माझ्या पायांशी उभं केलं आणि स्वतः वाकली.

"फादरबाबा, यो बोलत नाय ओ. येक शबूद बोलत नाय. येचे डोकीवर हात ठेवा. तुमचं ते देवाचं बोला काय तरी."

मी आईकडे पाहिलं. आता तिने माझ्याकडे पाहिलं होतं. मला एका क्षणात सगळं कळलं. पाचूबंदरात ती पळून आलेल्या पोराची आई होती. भावाच्या घरात ती ओझं नव्हती पण तिचा मानही राहिला नव्हता. आणि इथे, डोंगराच्या पायथ्याशी, जिथे आमच्या बंदरातलं दुसरं कोणी येत नव्हतं, तिथे ती फादरची आई होती. तिला पाट होता. इथे तिला पाणी द्यायला लोक धावत होते.

लोक समजतात की तत्त्वज्ञ अशा वेळी विचार करतो. मी केला नाही. लॅटिन माझ्या जिभेवर होतं, सेमिनरीत रोज म्हटलेलं, डोळे मिटूनही आलं असतं. एक वाक्य, एक क्रूस, आणि ती बाई समाधानाने घरी गेली असती, आई पाटावर बसलेली राहिली असती. त्या जर्मन माणसाचं काय व्हायचं ते होवो. मी हात उचलला. पोराने वर पाहिलं. माझी बोटं त्याच्या केसांना लागणार एवढ्यात आई बोलली.

"थांब. नाय बाय, यो फादर नाय."

सगळ्या तिच्याकडे वळल्या.

"कदीच नवता. मीच खोटी बोलली तुमाना. यो शाळेत शिकवतो, मास्तर हाय. त्याचा काय दोष नाय, त्याना म्हाईत पन नवता."

 पोराच्या आईने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि पोराला उचलून घेतलं. मी हात खाली केला. मी काहीतरी म्हणालो, मुंबईला अशा मुलांना तपासणारे डॉक्टर असतात वगैरे, ते तिने ऐकलं की नाही माहीत नाही. म्हातारीही काही टाकून बोलली नाही, तिचं मन मोठं होतं. पण आई पाटावरून उठली, पाट स्वतः भिंतीला लावला आणि पाटीजवळ जमिनीवर बसली. पदराने तोंड पुसलं आणि बोंबील मोजायला लागली. बायकांनी घेतले बोंबील. फक्त त्या दिवशी त्यांनी घासाघीस केली. आईच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते नवीन होतं.

पुढच्या घरांना आम्ही गेलोच नाही. पाटी अर्धी भरलेली तशीच घेऊन आम्ही परतीला लागलो. खटारा मिळेना, चालतच राहिलो. मला रडायला येत होतं आणि रागही येत होता, कोणाचा ते कळत नव्हतं. शेवटी मी म्हणालो, "आये, कशाला बोललीस? मी ठेवला असता की हात."

"म्हनूनच बोलली," ती म्हणाली. "तू ठेवला असतास."

मग थोडं पुढे गेल्यावर तिनेच सांगितलं. मी जर्मनीला गेलो त्या वर्षी म्हातारीने विचारलं होतं, धाकला कुठे असतो. शिकायला परदेशात, आई म्हणाली. फादर व्हायला का, म्हातारीने विचारलं. "तवा मी फकस्त गप रायली," आई म्हणाली. "हाव पन नाय म्हनली आन् नाय पन नाय म्हनली. पुडल्या खेपेला त्यांनी पाट दिला. मंग माझ्यानं 'नाय' बोलवेना."

गप्प राहणं हे खोटं बोलणं होतं का, यावर मी पुढे अनेक वर्षं वर्गात व्याख्यान दिलं आहे. त्यावर मतं आहेत, पक्ष आहेत, प्रतिपक्ष आहेत. त्या रस्त्यावर मला एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "मग आजही गप्प राहायचं होतंस."

ती थांबली. माझ्याकडे अशी पाहायला लागली की जणू मी तिची चेष्टा करतोय. "आन् तू कबूल केलंयस त्याचं काय? खोटं नाय बोलाचं म्हनून? माजे पायी तू ते मोडलं असतंस. येक मोडलंस तवा मी काय बोलली नाय. दुसरं कसं मोडू देऊ?"

मला आधी समजलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग ते जेवण आठवलं, तोंडातला घास आठवला. माझं ते हसत म्हटलेलं हो तिने दीक्षेसारखं ऐकलं होतं. तिच्या मनात हिशेब सरळ होता: पोर फादर झाला नाही, पण परदेशात जाऊन त्याने दुसरं व्रत घेतलं, लग्न केलं नाही, खोटं बोलत नाही. म्हणजे अगदीच वाया गेला नाही. आणि ते व्रत राखायला तिने जगातली तिची एकुलती एक जागा स्वतःच्या तोंडाने देऊन टाकली होती.  बोलण्यासारखं होतं ते तिला सांगायची माझी छाती झाली नाही.

त्यानंतर ती त्या गावांना कधी गेली नाही. पाटी वहिनीने घेतली, नंतर सुकं सगळं व्यापाऱ्यालाच जायला लागलं. आई किनाऱ्यावर बसायची आणि वलांडीवरून कावळे हाकायची. मी मुंबईत शिकवत राहिलो. दोन पुस्तकं लिहिली, ती कोणी वाचली असतील तर त्यांनी मला कळवलेलं नाही. दरवर्षी तो खुन्याचा धडा यायचा आणि दरवर्षी पुढच्या बाकावरचा एखादा चुणचुणीत पोरगा तोच तोडगा काढायचा, सर, गप्प बसायचं, म्हणजे खोटंही नाही आणि मित्रही वाचतो. मुलं हसायची. मी त्याच्यावर खेकसायचो. माझा स्वभाव विक्षिप्त आहे असं कॉलेजात झालं, ते मी होऊ दिलं.

आईच्या छातीत पाणी झालं तेव्हा मी रजा काढून घरी जाऊन राहिलो. तोवर तिचं वजन एवढं कमी झालं होतं की भाऊ तिला एका हाताने उचलून बसवायचा. एका सकाळी चर्चमधून फादर आले, तिने कुमसार केला, म्हणजे पापांची कबुली दिली, फादरनी शेवटचं तेल लावलं आणि ते गेले. वहिनी चुलीशी होती. आईने मला जवळ बसायला खुणावलं.

"चिंचोटीचं सांगितलं फादरना," ती म्हणाली. "खोटं बोलली ते. माफ केलं त्यांनी."

"बरं झालं, आये."

तिने आपले हात चादरीवर काढून ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिली. बोटं वाकडी झाली होती, मिठाने चिरलेल्या रेघा तशाच होत्या. तिला काय दिसत होतं ते मला माहीत होतं. जगातलं सगळं तत्त्वज्ञान, ग्रीक, जर्मन, माझी दोन्ही पुस्तकं, मी त्या वेळी एका हात-दीड हात फडक्यासाठी देऊन टाकली असती. तसं फडकं विकत मिळत नाही. मी आयुष्यात कशासाठी एवढा तळमळलो नाही.

"वर इचारतील," ती म्हणाली. श्वास घ्यायला थांबली. "इचारतील, हातात काय हाय. मी सांगीन, हातात काय नाय. फडकं नाय. पन माजे पोरानं येक शबूद दिला व्हता, खोटं नाय बोलाचं म्हनून. तो मी मोडू नाय दिला. पुरल ना येवढं?"

मी शब्द दिलाच नव्हता. कोणालाच नाही, कधीच नाही.

तिने मान माझ्याकडे वळवली आणि वाट बघत राहिली.

"पुरल, आये," मी म्हणालो.